घरच्या वर्कशॉपसाठी पंधरा हजारांत बेंच ड्रिल: कुठलं घ्यावं? (सांगली)

विश्रामबागकर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे, सुट्टीच्या दिवशी तिथं माझा उद्योग चालतो. कुंड्यांचे स्टँड, गेटच्या बिजागऱ्या, मुलीचं अभ्यासाचं टेबल. शिवाय तासगावला भावाची द्राक्षबाग आहे, तिथलं काहीबाही असतंच: अँगलला होल मारून दे, फ्लॅटच्या क्लिपा करून दे. निम्म्याहून जास्त काम लोखंडाचं, बाकी लाकूड. आजवर सगळं हँड ड्रिलवर केलं. पत्र्याला ते ठीक आहे, पण चौकोनी पाइपला समोरासमोर दोन होल मारून बोल्ट आरपार घालायचा म्हटलं की तो तिरका जाणार हे ठरलेलं.

आता बसवून ठेवायचं मशीन घ्यायचंय. बजेट पंधरा हजार, फार तर सतरा. घरात सिंगल फेज.

समोर चार पर्याय आहेत. आहे तेच हँड ड्रिल स्टँडला अडकवायचं, दोनेक हजारांत भागतं. नाहीतर ऑनलाइन मिळणारं छोटं १३ मिमीचं (म्हणजे १३ मिमीपर्यंतचं बिट धरणारं), ३५० वॅट, पाच स्पीड, साडेनऊ हजार, वजन लिहिलंय १६ किलो. तिसरं, इथल्या मशिनरीवाल्याकडं राजकोटचं १३ मिमी बेंच ड्रिल आहे, अर्धा एचपी, चार स्पीड, वजन पन्नास किलोच्या आसपास म्हणाला, साडेचौदा हजार अधिक जीएसटी. आणि कुपवाडला एक शॉप बंद होतंय, तिथं २५ मिमीचं जुनं पिलर (जमिनीवर उभं राहणारं मोठं ड्रिल) आहे. अठरा सांगतोय, मोटर थ्री फेज.

यातलं काही कुणी वापरलंय का? आणि बघायला गेल्यावर नेमकं बघायचं काय? मला बटण दाबून मोटर फिरते का बघण्यापलीकडे काही येत नाही.

सुतारपक्षी | रविवार, रात्री ९:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली). मीही याच रांगेत आहे, फक्त माझं सगळं काम लाकडाचं. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

बे_एरिया_सांगलीकर | रविवार, रात्री ९:४१

इकडे गराज सेलमध्ये जुनी बिडाची मशीनं शंभर-दीडशे डॉलरला मिळतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, पण अजून ठणठणीत.

पलूसचा_वेल्डर | रविवार, रात्री ९:५५

@बे_एरिया, मग द्या की टाकून एस्टीच्या पार्सलला, विश्रामबागला उतरून घेतील 😀 (हलकेच घ्या.)

लेथवाला_कुपवाड | सोमवार, सकाळी ७:५०

एचपी आणि स्पीडची संख्या, हे दोन आकडे आधी बाजूला ठेवा. जाहिरातीत तेच मोठ्या अक्षरात असतात, कारण छापायला स्वस्त पडतात. ड्रिलमध्ये खरा पैसा जातो तो स्पिंडल-क्विलमध्ये, कॉलममध्ये आणि बिडाच्या टेबलमध्ये. तिन्हीचा अंदाज एका आकड्यावरून येतो, तो म्हणजे वजन. एकाच १३ मिमी क्षमतेची दोन मशीनं, एक १६ किलोचं, दुसरं ५० किलोचं. मधले ३४ किलो कुठे गेले, हे दुकानदाराला नाही, स्वतःला विचारा.

आता बघायचं काय ते सांगतो. मशीन बंद ठेवूनच बहुतेक गोष्टी कळतात.

हँडल फिरवून क्विल पूर्ण खाली आणा. क्विल म्हणजे हँडलबरोबर खाली-वर होणारी जाड नळी, स्पिंडल तिच्या आत फिरतो. ती खाली असताना चक (बिट पकडणारा जबडा) मुठीत धरून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवा. हाताला टकटक लागलं तर प्ले (ढिलेपणा) आहे. मग क्विल पूर्ण वर घेऊन तेच करा. वर असताना लागत नाही आणि खाली असताना लागतं, तर क्विल आणि डोक्याचं बोअर (ज्या भोकात क्विल सरकते ते) यांच्यात झीज आहे किंवा मुळातच फिटिंग ढिलं आहे. याला औषध नाही. बेअरिंग बदलता येतं, ६२०३ सारखं सरळ नंबरचं असेल तर गणपती पेठेतही मिळेल. बेल्ट बदलतो, चक बदलतो, मोटर बदलते. बोअर गेलं की डोकंच गेलं.

मग रनआउट, म्हणजे फिरताना चक मध्यापासून किती डगमगतो ते. चकमध्ये १० मिमीची सरळ, चांगली रॉड पकडा. नवीन बिट उलटं धरून त्याची गुळगुळीत शँक वापरली तरी चालतं. डायल गेजचा (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचा) मॅग्नेट स्टँड टेबलवर ठेवून टोक रॉडला टेकवा आणि पुली हाताने फिरवा. चकपासून दोन-तीन सेंटीमीटरवर ०.१० मिमीच्या आत असेल तर घरच्या कामाला छान. ०.२० च्या वर गेलं तर लगेच नको म्हणू नका. चक काढून स्पिंडलच्या टेपरच्या (निमुळत्या भोकाच्या) आतल्या भिंतीवर डायल लावा. तिथं काटा स्थिर असेल तर दोष चकचा किंवा आर्बरचा (चक स्पिंडलला जोडणाऱ्या दांड्याचा), तो हजार-बाराशेचा प्रश्न. तिथंच काटा नाचत असेल तर हात जोडून बाहेर पडा. डायल नसेल तर माझा घेऊन जा, फक्त परत आणा.

तिसरी गोष्ट कुणी करत नाही. टेबलवर लाकडाचा ठोकळा ठेवा, चकमधली रॉड त्यावर टेकवा आणि होल मारताना दाबता तितक्या जोराने हँडल दाबा. बाजूला उभं राहून बघा. हलक्या मशीनमध्ये डोकं वर उचललं जातं आणि टेबलचं पुढचं टोक खाली जातं, डोळ्यांना दिसेल इतकं. म्हणजे तुमचं होल सुरुवातीला सरळ आणि आत जाताना तिरकं. तुमची मूळ तक्रारच ती आहे. नऊ हजार घालून तीच परत विकत घ्यायची का?

आणि किंमत ठरवताना एक विचारून घ्या: या भावात काय काय येतं? आपल्याकडं बऱ्याचदा नुसत्या बॉडीचा भाव सांगतात. मोटर वेगळी, चक-आर्बर वेगळं, बेल्ट-पुलीचं झाकण वेगळं, स्टार्टर वेगळा. लेखी घ्या.

माझं मत तिसऱ्याला. चौथं मी बघितल्याशिवाय काही बोलत नाही.

सुतारपक्षी | सोमवार, दुपारी १:१५

जबरदस्त प्रतिसाद, दंडवत. पण एक शंका. लाकडाला एवढा दाब लागतच नाही. मला मुख्यतः कपाटाच्या बिजागऱ्यांचे ३५ मिमीचे खड्डे मारायचेत आणि डॉवेलची होल. १६ किलोवालं मला का चालू नये?

लेथवाला_कुपवाड | सोमवार, दुपारी २:०५

तुम्हाला चालेल. फक्त दोन गोष्टी बघा. एक, सगळ्यात कमी स्पीड किती. ३५ मिमीच्या फोर्स्टनर बिटाला (लाकडात सपाट तळाचा खड्डा मारणाऱ्या) हजाराच्या खालीच राहा, नाहीतर लाकूड जळून काळं पडतं. दुसरं, चकच्या मध्यापासून कॉलमपर्यंतचं अंतर. ते १०० मिमी असेल तर २०० मिमी रुंद फळीच्या मध्यावर होल पडतं, त्याहून रुंद फळीच्या मध्यावर बिट पोचत नाही. बिजागरीचा खड्डा कडेलाच असतो, म्हणून तुमचं अडणार नाही. डेप्थ स्टॉप मात्र नटाने घट्ट होणारा असू द्या. १८ मिमीच्या प्लायला खड्डा तेरापर्यंत हवा असतो आणि स्टॉप सरकला की दाराला पलीकडून भोक.

अजिंक्यताऱ्याखाली | सोमवार, रात्री १०:२०

मी साताऱ्यात लाकडी दिवे आणि लहान मुलांची खेळणी करते, फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत. माझ्याकडं तो दुसरा पर्यायवालाच प्रकार आहे, छोटं हलकं. वर त्याला इतकी नावं ठेवली गेली म्हणून लिहिते. २ ते ८ मिमीची होल, सागवान आणि शिवण, दिवसभर. काही तक्रार नाही. इंडक्शन मोटर असल्यामुळे आवाज मिक्सरपेक्षा कमी, शेजारचे काका-काकू दुपारी झोपलेले असतात तरी चालवता येतं. माझ्या बाल्कनीत ५० किलोचं बिड चढवायला चार माणसं आणि सोसायटीचा ठराव लागला असता.

पण घ्यायचं ठरवताना इथं कुणीच ज्याबद्दल लिहिलं नाही ते स्विचबद्दल लिहिते. माझ्या मशीनला हिरवं-लाल बटण आहे, नो-व्होल्ट प्रकारचं. लाइट गेली की स्विच आपोआप पडतो, आणि लाइट आली तरी हिरवं दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. साधा टॉगल स्विच असेल तर लाइट गेलेली असताना तुम्ही चकमध्ये किल्ली घालून बिट बदलत बसणार आणि तेवढ्यात लाइट येणार. आपल्याकडं हे नवल नाही. राजकोटच्या मशीनवर काय आहे ते बघा, टॉगल असेल तर बदलून घ्या.

आणि हातमोजे घालू नका. ओढणी, मोकळे केस, लांब बाह्या, मंगळसूत्र हे बायकांना सगळे सांगतात. हातमोज्यांबद्दल मात्र पुरुषमंडळींना वाटतं की तेवढीच सुरक्षा. फिरत्या बिटात मोज्याचा एक धागा अडकला की बोट सुटत नाही, मोज्यासकट गुंडाळलं जातं. कीस हाताने काढायचा नाही, ब्रश ठेवायचा. चष्मा मात्र हवाच.

पलूसचा_वेल्डर | सोमवार, रात्री १०:४८

ताई एक लंबर बोलल्या.

आता माझं ऐका. भावा, मशीन कुठलं बी घे, पण व्हाइसला पैसे काढून ठेव. लोकं पंधरा हजाराचं मशीन घेत्यात आणि जॉब धरत्यात हातानं. ५-६ एमएमपर्यंत चालतंय, दहाच्या पुढं न्हाई. खरा धोका होल सुरू होताना नसतोय, पलीकडं निघताना असतोय. बिट खालनं बाहेर पडायला लागलं की कडेला पातळ पापुद्रा ऱ्हातोय, बिटाची धार त्यात अडकती आणि जॉब फिरायला लागतोय. पत्रा असला तर सरळ सुरी फिरल्यासारखा. म्हणून पत्र्याखाली लाकडी फळी घालायची, वरनं सी-क्लॅम्प मारायचा आणि निघताना हँडल हलकं सोडायचं. पत्र्याला स्टेप ड्रिल घेतलं तर लईच बेस.

व्हाइस चार इंची घे, बिडाची, खालनं टेबलला बोल्ट मारता येईल अशी. आणि सेंटर पंच विसरू नको, पंच मारल्याबिगर बिट चालतंय कुठं बी.

स्टँडचं (पयला पर्याय) नाव काढू नको. कॉलम अंगठ्याएवढा आणि ड्रिल त्याच्या गळ्यात बांधलेलं. वरनं हँड ड्रिलचं स्वतःचं बेअरिंग बी ढिलं.

जुना_मेंबर | मंगळवार, सकाळी ८:०२

स्टँडच्या बाजूने एकच मुद्दा. भिंतीवर, जागेवर जाऊन होल मारायला हँड ड्रिल लागतंच, ते काढून परत लावता येतं. ज्याला महिन्याला दहा होल मारायची आहेत त्याने पंधरा हजार का घालावेत? मात्र घ्यायच्या आधी स्वतःच्या ड्रिलच्या गळ्याचा व्यास मोजा. बहुतेक स्टँड ४३ मिमीच्या गळ्यासाठी असतात, गळा तसा नसेल तर पट्टा बसत नाही. बाकी वेल्डरदादांशी सहमत, धाग्यातलं काम स्टँडच्या आवाक्यातलं नाही.

आयर्विन_५७ | मंगळवार, सकाळी ११:३०

जुनं मशीन बघायला जाणार असाल तर एक सांगलीचीच गोष्ट. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ लाही शहरात शिरलं. त्या पाण्यात बुडालेली मशीनं धुऊन, रंगवून अजून फिरतायत. कुपवाड उंचावर आहे हे खरं, पण तिथं उभं असलेलं मशीन आधी कुठं होतं हे कोण सांगणार?

बाहेरून नवा हिरवा रंग दिसला की खूश होऊ नका. टेबलखालच्या खाचांत, बेसच्या पोकळ भागात आणि मोटरच्या टर्मिनल बॉक्सच्या कोपऱ्यांत बोट घाला. नदीचा गाळ वाळला की पिठासारखा बारीक होतो आणि ग्रीसमध्ये बसला की निघत नाही. क्विल खाली आणून तिच्या अंगावर आडव्या गंजरेषा आहेत का बघा. पाणी जिथं थांबून राहिलं तिथं रेघ उमटते. मोटरचं वाइंडिंग मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या, बॉडी आणि वाइंडिंगमध्ये एक मेगाओमच्या खाली दाखवलं तर मोटर धरू नका किमतीत.

वाइंडिंगवाला | मंगळवार, रात्री ८:१५

मोटरचा विषय निघालाच आहे तर थ्री फेजचं भूत उतरवून टाकतो. घरात सिंगल फेज आहे म्हणून चौथा पर्याय बाद, असं नाही.

दोन मार्ग आहेत. सरळ मार्ग म्हणजे थ्री फेज मोटर काढून १४४० आरपीएमची सिंगल फेज लावायची. एक एचपी पुरे. शाफ्टचा व्यास आणि पायांची होल जुळतात का तेवढं बघायचं, नाहीतर पुली बोअर करून घ्यावी लागते.

दुसरा मार्ग व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. सिंगल फेज २३० व्होल्ट आत, थ्री फेज २३० व्होल्ट बाहेर. इथं लोकांची गल्लत होते: बाहेर २३० येतात, ४१५ नाही. आपल्याकडच्या एक-दीड एचपीच्या मोटरी बहुधा ४१५ ला स्टार जोडलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती). त्याच मोटरच्या पट्ट्या बदलून डेल्टा केलं की ती २३०-२४० वर पूर्ण ताकदीने चालते. नेमप्लेट वाचा आणि टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोकं बाहेर आहेत का बघा. तीनच असतील तर स्टारचा जोड आत बांधलाय, तो वाइंडरकडून उघडून घ्यावा लागेल. व्हीएफडीचा फायदा म्हणजे बेल्ट न बदलता स्पीड कमी-जास्त होतो आणि मशीन उलटं फिरवता येतं, टॅपिंगला (होलमध्ये आटे पाडायला) मजा येते. पण स्पीड निम्मा केला की मोटरची ताकदही निम्मी होते. बेल्टने स्पीड कमी केला तर टॉर्क वाढतो. मोठं होल मारताना बेल्टच बदला, नॉब फिरवू नका.

अर्थिंग पक्कं करा. पत्र्याची शेड, खाली ओली फरशी आणि बिडाचं मशीन आहे हे. शेडसाठी वेगळा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच).

विश्रामबागकर | मंगळवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. एक बाळबोध प्रश्न. राजकोटवाल्याच्या पाटीवर ५००, ९००, १६००, २८०० असे चार स्पीड आहेत. कुठल्या होलला कुठला, हे कसं ठरवायचं?

लेथवाला_कुपवाड | बुधवार, सकाळी ७:३५

आठ हजार भागिले बिटाचा मिमीतला व्यास, येईल तो आरपीएम. साध्या एमएसला (माइल्ड स्टीलला), एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटाने. १० मिमीला ८००, ५ मिमीला १६००, ३ मिमीला साधारण २६५०, १२ मिमीला ६६०. यामागचं गणित म्हणजे बिटाच्या कडेची गती मिनिटाला २५ मीटर ठेवायची. स्टेनलेस असेल तर चार हजार भागिले व्यास, ॲल्युमिनियमला वीस हजार.

तुमच्या पाटीवर नेमका आकडा नसला तर खालचा घ्या. १२ मिमीला ५०० वर थोडा वेळ जास्त लागेल, ९०० वर बिटाचे कोपरे निळे पडतील. घरी माणसं बिटं खराब करतात ती बहुतेक जास्त स्पीडने आणि कमी दाबाने. धार कापत नाही, घासते, आणि घासली की तापते. कीस दोन लांब कुरळ्या पट्ट्यांत वर आला पाहिजे. भुकटी पडायला लागली की थांबा आणि धार बघा.

मोठं होल एकदम मारू नका. बिटाच्या टोकावर मधोमध जी आडवी कडा असते ती कापत नाही, नुसती रेटते. सगळा दाब तिलाच लागतो. १२ च्या आधी ५ मिमीचं मारून घेतलं की तिच्यासमोर लोखंडच उरत नाही, आणि अर्ध्या एचपीलाही १२ मिमी सुखाने जातं. म्हणून म्हणतो एचपीच्या मागे लागू नका.

टॅप मारायचा असेल तर एम६ ला ५, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५ मिमी. भिंतीवर लिहून ठेवा.

मिरजेची_खुंटी | बुधवार, दुपारी ३:१०

अवांतर, पण मशीन तेच. आमच्याकडं सतारीचं काम आहे. (२०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ते आपलंच.) खुंटीचं भोक निमुळतं असतं, ते रिमरने हातानेच होतं, त्याला मशीन लावायची माझी हिंमत नाही. पण त्याआधीचं सरळ भोक, विशेषतः तरफेच्या (मुख्य तारांखालच्या झंकारणाऱ्या तारांच्या) बारीक खुंट्यांची ओळ, ड्रिलवर मारली तर एका रेषेत आणि एका कोनात येईल असं वाटतं. अडचण ही की दांडी हातभर नव्हे, चांगली लांब असते, टेबल एवढंसं. लांब जॉब कसा टेकवायचा?

सुतारपक्षी | बुधवार, दुपारी ४:००

टेबलवर १८ मिमी प्लायचा मोठा तुकडा बोल्टने बसवा, मागे एक सरळ पट्टी कुंपणासारखी लावा. दांडी पट्टीला टेकवून सरकवत जायचं, म्हणजे सगळी भोकं कडेपासून सारख्या अंतरावर. लोंबणाऱ्या टोकाला टेबलच्या उंचीचा घोडा ठेवा. घोडा एक सूत खाली असला तरी भोक कलतं, कागद सरकवून उंची जुळवा.

विश्रामबागकर | रविवार, संध्याकाळी ७:२५

आज दोन्ही मशीनं बघून आलो. लेथवालेदादांनी डायल दिला आणि सोबत सायकलचा एक तुटका स्पोकही दिला. हे इथं नव्हतं लिहिलेलं, म्हणून लिहितो.

स्पोक दोनदा काटकोनात वाकवायचा, झेडसारखा. एक टोक चकमध्ये, दुसरं टोक खाली टेबलकडे, मधली दांडी आडवी, चारेक इंचाची. क्विल खाली आणून टोक टेबलला जेमतेम टेकेल असं ठेवायचं आणि चक हाताने सावकाश फिरवायचा. टेबल स्पिंडलला काटकोनात असेल तर टोक चारी बाजूंना सारखंच घासतं. राजकोटच्या मशीनवर डाव्या बाजूला खरखर आवाज करत घासलं आणि उजवीकडे आल्यावर मधून व्हिजिटिंग कार्ड निघालं. मी तोंड वाकडं केलं, पण दुकानातल्या पोऱ्याने टेबलखालचा मोठा बोल्ट ढिला करून टेबल किंचित कलवलं, परत घट्ट केलं. आता कार्ड जात नव्हतं. पुढे-मागे मात्र साध्या कागदाएवढी फट राहिली, तिकडं कलवायला काही सोय दिसली नाही.

रनआउट ०.०७ आला. क्विल खाली असताना अगदी किंचित हललं, वर असताना काही नाही. दाबून बघितलं, डोकं हललेलं मला तरी दिसलं नाही. स्विच साधा टॉगल. भावात मोटर, बेल्ट, झाकण आहे. चक वेगळा म्हणाला, मग थोडी घासाघीस करून चक त्यातच घ्यायला लावला.

कुपवाडचं पिलर दिसायला रुबाबदार आहे. टेबल रॅकवर वर-खाली होतं, एमटी ३ (मोर्स टेपर) चं स्पिंडल. पण क्विल खाली आणून चक हलवला आणि हाताला स्पष्ट टक जाणवलं. डायल लावून हलवलं तर काटा पाव मिलीमीटर गेला. मालक म्हणाले, "अहो चाळीस वर्षं चाललंय." त्यावर काय बोलणार.

तिसरंच घ्यावं असं वाटतंय. जीएसटी धरून १७,११० होतात, बजेटच्या थोडं बाहेर. आणि ती पुढे-मागेची फट?

लेथवाला_कुपवाड | रविवार, रात्री ८:१०

घ्या. पिलर सोडून द्या, भंगाराच्या भावात मिळालं तर वेगळी गोष्ट.

पुढे-मागेची फट या मशीनांत असतेच, टेबल फक्त डावी-उजवीकडे कलतं. कॉलमच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालायला जाऊ नका, काही उपयोग नाही. डोकं आणि टेबल दोन्ही त्याच कॉलमला धरलेले आहेत, कॉलम कलला तर दोन्ही बरोबर कलतात. टेबलवर प्लाय बसवणारच आहात, तर त्याच्या आणि टेबलच्या मध्ये कमी पडणाऱ्या बाजूला कागदाची पट्टी घाला. लोखंडाच्या कामात व्हाइसखाली पातळ पितळी शिम. कागदाएवढ्या फटीने तुमचा बोल्ट अडणार नाही.

घरी आणल्यावर चक बसवायच्या आधी आर्बर आणि स्पिंडलचा टेपर रॉकेलच्या फडक्याने स्वच्छ पुसा. आत ऑइल लावू नका, टेपर कोरडाच धरतो. मग चकचे जबडे आत ओढून घ्या आणि खालून लाकडी हातोड्याचा एक ठोका. आणि कधीही या मशीनवर एंड मिल (मिलिंगचं कटर) लावून बाजूने कापायला जाऊ नका. बाजूचा दाब आला की टेपर सुटतो आणि चक फिरत-फिरत खाली येतो.

अजिंक्यताऱ्याखाली | रविवार, रात्री ८:३५

अभिनंदन! टॉगल मात्र आणल्या दिवशीच बदला.

वाइंडिंगवाला | रविवार, रात्री ८:५०

अर्ध्या एचपीला छोटा पुश-बटण डीओएल स्टार्टर लावा, त्यात नो-व्होल्ट कॉइल आणि ओव्हरलोड (मोटरने जास्त करंट ओढला की तोडणारा) दोन्ही येतं. ओव्हरलोड मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरला सेट करा. दुकानदार "राहू दे सर, लागत नाही" म्हणेल, तरी लावा.

विश्रामबागकर | रविवार, रात्री ९:०५

नक्की. उद्या ॲडव्हान्स देतो, व्हाइस पगारानंतर. आता शेवटचं: हँड ड्रिलची बिटं डबाभर आहेत, निम्मी बोथट. धार लावायचा कोन कसा धरायचा? गेज घ्यावं लागेल का?

पलूसचा_वेल्डर | रविवार, रात्री ९:२०

गेज कशाला? सारख्या मापाचे दोन नट घे, टेबलवर आडवे ठेव, बाजूला बाजू चिकटवून. मधी जी खाच पडती ती १२० अंशाची. बिटाचं टोक ११८ असतंय, एवढ्यानं काय बिघडत न्हाई. बिट त्या खाचंत उभं धरून उजेडाकडं बघ, दोन्ही कडा बसल्या पायजेत. आणि दोन्ही धारा सारख्या लांबीच्या हायत का ते आधी बघ. एक लांब, एक आखूड झाली की १० च्या बिटानं साडेदहाचं होल पडतंय, मग मशीनला शिव्या देऊ नको.

व्हाइस पगारापतोर थांबणार असशील तर माझ्याकडली जुनी घेऊन जा तवर. विश्रामबागेत टाकीन, गुरुवारी.